दिल्ली गेटला उतरा, इजिप्तला पोचा!

इजिप्तला जायचं तर विमानाचं तिकीट हवं, व्हिसा हवा आणि खिसाही बऱ्यापैकी जड हवा. पण प्राचीन इजिप्तच्या उंबरठ्यापर्यंतच पोचायचं असेल, तर दिल्ली मेट्रोची व्हायोलेट लाइन पुरते. दिल्ली गेट स्टेशनवर उतरायचं. वार मात्र रविवार हवा आणि हातात एक रिकामी पिशवी हवी.

स्टेशनातून बाहेर पडलं की जवळच असफ अली रोडवर महिला हाट लागतं. नाव महिला हाट, पण रविवारी तिथं राज्य असतं ते जुन्या पुस्तकांचं. दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार म्हणून दिल्लीकरांच्या तीन पिढ्यांनी ज्याच्यावर जीव लावला, तोच हा बाजार. साठच्या दशकापासून तो दर्यागंजच्या फुटपाथवर भरायचा. दुकानं रविवारी बंद, त्यांच्या पायऱ्या रिकाम्या, त्या पायऱ्यांवर आणि पुढच्या फरशीवर पुस्तकांचे ढीग. २०१९च्या जुलैमध्ये वाहतुकीला अडथळा होतो म्हणून उच्च न्यायालयाच्या आदेशानं फुटपाथवरचा बाजार उठला. आठवड्यातल्या एका दिवसाच्या विक्रीवर ज्यांची चूल पेटते, त्यांनी काय करायचं? विक्रेत्यांनी दाद मागितली, पुस्तकप्रेमींनीही ओरड केली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात महिला हाटच्या आवारात बाजार पुन्हा मांडला गेला. जागा नीटनेटकी आहे, वर आभाळ मोकळं आहे, गाड्यांची भीती नाही. तरी जुने गिऱ्हाईक नाक मुरडतातच. चालता चालता सहज पाय अडखळावा आणि हाताला पुस्तक लागावं, ही फुटपाथची मजा कुंपणाच्या आत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. पण बाजार जगला, हे काय थोडं झालं?

आता तुम्ही म्हणाल, यात इजिप्त कुठं आलं?

ते ढिगाऱ्यात आहे. स्पर्धा परीक्षांची गाइडं, इंजिनीअरिंगचे ठोकळे, पाककृतींची गुळगुळीत पुस्तकं आणि अगाथा ख्रिस्तीच्या चळती ओलांडल्या की अधूनमधून एखादा सोनेरी मुखवटा तुमच्याकडे टक लावून बघत असतो. तुतनखामेन! पुस्तक कोणतंही असो, मुखपृष्ठावर बहुतेक वेळा तोच. परदेशातून रद्दीच्या भावानं आलेले गठ्ठे, दिल्ली सोडून जाणाऱ्या कुटुंबांनी विकायला काढलेली कपाटं, मोडीत निघालेल्या वाचनालयांची शिक्के मारलेली पुस्तकं, अशा वाटांनी ही मंडळी इथवर येतात.

विचारताना एक लक्षात ठेवा. इथं ‘इजिप्त’पेक्षा ‘मिस्र’ जास्त चालतं. हिंदी-उर्दूत या देशाचं नाव मिस्र, अरबीत मिस्र आणि आपल्या जुन्या मराठीतही मिसर देशच. तेही जमलं नाही तर नुसतं ‘पिरामिडवाली किताब’ म्हणायचं. विक्रेता न बोलता बोटानं दाखवतो, “उधर, डायनासोर के बगल में.” पिरॅमिडचं पुस्तक डायनासोरच्या शेजारी का, असं विचारण्यात अर्थ नाही. मुलांना जे जे आवडतं ते सगळं एका ढिगात, इतका साधा हिशेब आहे तो.

काळी आणि तांबडी

प्राचीन इजिप्तचे लोक मात्र आपल्या देशाला यातलं काहीच म्हणत नसत. ते म्हणत केमेट, म्हणजे काळी भूमी. नाईलला दर वर्षी पूर यायचा, पूर ओसरला की काठावर काळा गाळ उरायचा आणि त्यात गहू, सातू, जवस पिकायचं. त्या पट्ट्यापलीकडचं वाळवंट ही तांबडी भूमी. आपल्याकडे खेडेगावात शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात ना, तसाच हा प्रकार. एका रंगात भाकरी, दुसऱ्या रंगात मरण. म्हणूनच इजिप्शियन माणूस आपले मृत सहसा तांबडीत पुरायचा. काळीची वीत न् वीत पिकासाठी लागायची, आणि वाळवंटातल्या कोरड्या वाळूत देह आपोआप टिकतो हे त्याला फार पूर्वीच कळलं होतं. ममीचा सगळा खटाटोप तिथून सुरू झाला असावा, असं अभ्यासक मानतात.

हे इतक्या सोप्या रीतीनं सांगणारं एक पुस्तक बार्बरा मर्ट्झ या बाईंनी लिहिलं, ‘रेड लँड, ब्लॅक लँड’. साल १९६६. त्याच्या दोन वर्षं आधी त्यांचं ‘टेम्पल्स, टूम्ब्ज अँड हायरोग्लिफ्स’ आलं होतं. पहिलं रोजच्या जगण्यावर, दुसरं राजांच्या इतिहासावर. सामान्य वाचकाच्या हातात पहिलंच पुस्तक कोणतं द्यावं असं कुणी विचारलं, तर मी आजही याच जोडीकडे बोट दाखवीन. मर्ट्झबाईंची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. शिकागो विद्यापीठाची इजिप्तविद्येतली डॉक्टरेट मिळवूनही त्या काळात बाईमाणसाला या विषयात नोकरी मिळणं दुरापास्त होतं. मग त्यांनी लेखणी उचलली. ही दोन पुस्तकं लिहिली आणि पुढे एलिझाबेथ पीटर्स या टोपणनावानं रहस्यकथा. त्यांची नायिका अमेलिया पीबॉडी छत्री घेऊन इजिप्तमध्ये उत्खननं करत फिरते आणि जाता जाता खुनांचा छडा लावते! या कादंबऱ्या जगभर खपल्या. ज्या विषयानं नोकरी दिली नाही, त्यानंच घर चालवलं.

सालाचं पान उघडा

जुन्या बाजारात इजिप्तवरची पुस्तकं पुष्कळ दिसतात, पण सगळीच घरी न्यायच्या लायकीची नसतात. एक सोपी कसोटी आहे. पुस्तक उघडायचं, कव्हर नाही, चित्रं नाहीत, आधी प्रकाशनाचं साल छापलेलं पान बघायचं.

का ते सांगतो. ग्रेट पिरॅमिड एक लाख गुलामांनी चाबकाचे फटके खात बांधला, ही समजूत आपण सगळ्यांनी सिनेमात पाहिली आहे. एक लाखाचा आकडा ग्रीक इतिहासकार हिरोडोटसचा. तो इजिप्तला गेला तेव्हा पिरॅमिड बांधून दोन हजार वर्षं उलटली होती. म्हणजे आपण आज सातवाहनांबद्दल ऐकीव माहिती सांगावी, तसं ते. १९९०मध्ये गिझाच्या पठारावर एका घोड्याचा पाय मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि कामगारांची दफनभूमी सापडली. जवळच त्यांची वसाहत, भट्ट्या, खाल्लेल्या जनावरांची हाडं. मोडलेली हाडं नीट बसवून बरी केलेले सांगाडेही मिळाले. पिरॅमिडच्या सावलीत मानानं पुरलेली ही माणसं गुलाम नव्हती. राजाच्या कामावर आलेले कारागीर आणि पाळीनं राबणारे गावकरी होते ते.

त्याहून नवलाची गोष्ट २०१३ची. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथं पिएर तालेत या फ्रेंच संशोधकाच्या पथकाला पपायरसचे तुकडे मिळाले. लिहिलेले पपायरस म्हणून आजवर सापडलेले हे सर्वांत जुने. मेरेर नावाच्या एका मुकादमाची ती रोजनिशी! आपली माणसं घेऊन तो तुऱ्याच्या खाणीतला पांढरा चुनखडक नावेतून गिझाला पोचवायचा. कुठल्या दिवशी माल भरला, कुठं मुक्काम केला, कधी उतरवला, सगळं लिहिलेलं. खुफू राजाचा ग्रेट पिरॅमिड उभा राहत असतानाचा, साडेचार हजार वर्षांपूर्वीचा हा कामाचा हिशेब आहे. आता २०१३च्या आधी छापलेल्या पुस्तकात मेरेर कसा असणार? पुस्तक म्हणून ते वाईट ठरत नाही, पण काय राहून गेलं आहे हे ठाऊक असलेलं बरं.

याच बाजारात एरिक फॉन डॅनिकेन यांचं १९६८चं पुस्तक हमखास मिळतं. पिरॅमिड वगैरे परग्रहावरून आलेल्यांच्या मदतीनं झाले, अशी त्यांची कल्पना. मराठी वाचकांनाही एकेकाळी या कल्पनेनं बरंच वेड लावलं होतं. गंमत म्हणून खुशाल वाचा. पण मेरेरची रोजनिशी वाचल्यावर परग्रहवासीयांची गरज उरत नाही. आणि एका कष्टकरी मुकादमाचं श्रेय उडत्या तबकडीला देणं मला तरी बरं वाटत नाही.

वॉलिस बज यांच्या पुस्तकांबद्दलही सावध राहायला हवं. ब्रिटिश म्युझियमचे हे मोठे अधिकारी. त्यांची पुस्तकं शंभर वर्षांहून जुनी, हक्क संपलेले, त्यामुळे स्वस्तात पुन्हा पुन्हा छापली जातात आणि सगळीकडे दिसतात. स्वस्त आहे म्हणून पहिलं पुस्तक हेच घेतलं जातं आणि तिथंच गाडी अडते. भाषा जड, वाचनपद्धत जुनाट. घरात शोभेला ठीक.

मग घ्यायचं काय? कथेसारखं वाचायचं असेल तर सी. डब्ल्यू. सेराम यांचं ‘गॉड्स, ग्रेव्ह्ज अँड स्कॉलर्स’. सेराम हे कुर्ट मारेक या जर्मन पत्रकाराचं टोपणनाव. पुस्तक १९४९चं, त्यात इजिप्तचा भाग एकच, पण उत्खननाची धडधड काय असते ते पानापानावर कळतं. पिरॅमिडबद्दलच वाचायचं तर आय. ई. एस. एडवर्ड्स यांचं जुनं पेलिकन. इंग्रजी सराव बेताचा असेल तर लेओनार्ड कॉटरेल. हे बीबीसीचे गृहस्थ, पंडित नव्हेत, त्यामुळे समोरच्याला काय कळणार नाही हे त्यांना बरोब्बर कळतं. अलीकडचं हवं तर टोबी विल्किन्सन यांचा २०१०चा जाडजूड इतिहास, पण तो दुसरं किंवा तिसरं पुस्तक म्हणून.

मुलांसाठी दोनच नावं सांगतो. डेव्हिड मॅकॉले यांचं ‘पिरॅमिड’, १९७५चं. फक्त काळ्या रेघांची चित्रं, पण एकेक दगड कसा चढला ते दहा वर्षांच्या मुलालाही समजतं. आणि जॉर्ज हार्ट यांचं आयविटनेस मालिकेतलं ‘एन्शंट इजिप्त’, १९९०चं. पांढऱ्याशुभ्र पानावर एकेक वस्तू अशी मांडलेली की हात लावून बघावीशी वाटते. दिल्लीच्या इंग्रजी शाळांतली पुष्कळ मुलं मात्र यांच्याआधी इजिप्तला पोचतात ती टिनटिन किंवा अ‍ॅस्टेरिक्सचं बोट धरून. पोचू द्या की!

आणि मराठीत?

इथं जरा थबकायला होतं. मराठी माणसाला इजिप्तकडे नेणारी सगळ्यांत सोपी वाट प्रवासवर्णनाची आहे. मीना प्रभू यांचं ‘इजिप्तायन’ हे त्यातलं घरोघरी वाचलं गेलेलं नाव. मीनाताई मार्च २०२५मध्ये गेल्या, पण त्यांचं बोट धरून नाईलकाठी हिंडलेल्या वाचकांची संख्या कमी नाही. दुसरी वाट मराठी विश्वकोशाची. त्यात ‘ईजिप्त’ असा दीर्घ ई लावून नोंदी आहेत, कोरड्या पण भरवशाच्या. या विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी १९५४च्या दिल्लीतल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यानंतर दिल्लीत पुन्हा संमेलन भरायला २०२५चा फेब्रुवारी उजाडला. तालकटोरा स्टेडियमवर तारा भवाळकर अध्यक्षस्थानी होत्या.

प्रवासवर्णन आणि कोश यांच्या मधली जागा, म्हणजे शाळकरी मुलाला किंवा त्याच्या आजीला दोन रविवारांत वाचून संपेल असं चित्रांचं, नव्या संशोधनाचं मराठी पुस्तक, ती जागा मला मोकळी-मोकळी वाटते. इंग्रजीत मात्र पंडित नेहरूंनी ही सोय १९३४मध्येच करून ठेवली. तुरुंगातून इंदिरेला लिहिलेली १९६ पत्रं, ‘ग्लिम्प्सेस ऑफ वर्ल्ड हिस्टरी’. त्यात इजिप्तचं दर्शन धावतं आहे, हाताशी ग्रंथालय नसताना लिहिलेलं. पण बाप मुलीला गोष्ट सांगतो आहे, हा सूर कुठल्याच अभ्यासकाला साधलेला नाही. महिला हाटमध्ये या ग्रंथाच्या दोन-चार तरी प्रती धूळ खात असतात.

कोटल्यावरचा पिरॅमिड

पिशवी भरली की बाजारातून निघा आणि बहादूरशाह जफर मार्गानं थोडं चाला. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांच्या मागं फिरोजशाह कोटला आहे. क्रिकेटचं मैदान नव्हे, त्याला लागून असलेला किल्ला. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकानं बांधलेला. आत गेलात की समोर काय दिसतं? तीन टप्प्यांची, वर निमुळती होत गेलेली दगडी इमारत. पहिल्या नजरेला थेट पायऱ्यांचा पिरॅमिड! आणि तिच्या माथ्यावर उभी आहे अशोकाची लाट, एका अखंड दगडाची, सुमारे १३ मीटर लांबीची.

ही लाट मुळात इथली नाही. आजच्या हरियाणातल्या टोपऱ्याहून सुलतानानं ती आणवली. कशी, ते शम्स-इ-सिराज अफीफ या इतिहासकारानं लिहून ठेवलंय. खांबाभोवती सावरीच्या कापसाच्या गाद्यांचा ढीग रचला, खालची माती उकरली, खांब अलगद त्या कापसावर आडवा झाला. मग बोरू आणि कच्ची कातडी गुंडाळून तो ४२ चाकांच्या गाड्यावर चढवला. दोर ओढायला हजारो माणसं. यमुनेकाठी मोठाल्या नावा एकत्र जोडलेल्या होत्या, त्यांवरून दिल्ली. हे वाचताना इजिप्तची आठवण होतेच. राणी हॅतशेप्सूटनं अस्वानच्या खाणीतले ग्रॅनाइटचे स्तंभ नावेवर घालून कारनाकला नेले, त्याचं चित्र तिच्या देर अल-बहरीच्या मंदिराच्या भिंतीवर कोरलेलं आहे. तिचा एक स्तंभ तिथं अजून उभा आहे, सुमारे २९ मीटर उंचीचा. काळ निराळा, राजे निराळे, पण नदी, नाव, दोर आणि घामेजलेली पाठ तीच.

सुलतानानं लाट आणली खरी, पण तिच्यावरची अक्षरं? पंडितांना बोलावलं. कुणालाही वाचता येईना. अफीफ सांगतो, काही जणांनी ‘फिरोज नावाचा राजा येईपर्यंत हा खांब कुणाला हलवता येणार नाही’ असं लिहिलंय म्हणून सांगून टाकलं! बक्षीस मिळालं की नाही ते अफीफ सांगत नाही. पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी टॉमस कोर्‍याट नावाचा इंग्रज भटक्या दिल्लीत आला. त्यानं ती लिपी ग्रीक ठरवली आणि खांब सिकंदराचा. याच शतकात तिकडे रोममध्ये अथानासिउस किर्शर हे पाद्री इजिप्तच्या चित्रलिपीचे ग्रंथच्या ग्रंथ ‘वाचत’ होते. एका राजाच्या नावाच्या जागी त्यांना विश्वाची गूढ तत्त्वं दिसायची. वाचता येत नसलं की माणूस किती बोलतो!

दोन्ही कुलुपं उघडली ती एकोणिसाव्या शतकात, पंधरा वर्षांच्या अंतरानं. १८२२मध्ये फ्रान्सच्या शाँपोलियोनं चित्रलिपी सोडवली, ती १७९९मध्ये सापडलेल्या रोझेटाच्या शिळेच्या आधारानं. त्याच १७९९मध्ये जन्मलेल्या जेम्स प्रिन्सेपनं १८३७मध्ये ब्राह्मी सोडवली. प्रिन्सेप हा कलकत्त्याच्या टांकसाळीतला अधिकारी. सांचीच्या कठड्यांवरच्या छोट्या छोट्या लेखांत शेवटी पुन्हा पुन्हा येणारी अक्षरं ‘दानं’ असावीत हे त्यानं ओळखलं आणि मग जो मोठा लेख त्यानं वाचून छापला, तो हाच, फिरोजशाहच्या लाटेवरचा! शाँपोलियो गेला ४१व्या वर्षी, प्रिन्सेप ४०व्या वर्षी. दोघांनीही स्वतःला अक्षरांमागे झिजवलं.

आता यातली खरी मेख ऐका. रोझेटाच्या शिळेवर लंबगोल चौकटीत कोरलेलं ज्या राजाचं नाव चित्रलिपीची पहिली किल्ली ठरलं, ते होतं टॉलेमी. आणि लाटेनंतर वर्षभरानं, १८३८मध्ये, गिरनारच्या शिलालेखांच्या नकला वाचताना प्रिन्सेपला दिसलं ‘तुरमायो’. म्हणजे टॉलेमी! रोझेटाचा टॉलेमी पाचवा, अशोकाच्या लेखातला दुसरा, पण घराणं एकच. कलिंगयुद्धानंतर आपण शस्त्रानं नव्हे तर धर्मानं विजय मिळवतो आहोत, असं सांगताना अशोकानं ज्या दूरच्या राजांची नावं घेतली, त्यात हा इजिप्तचा राजा आहे. इकडे टॉलेमीनंही डायोनिसिअस नावाचा माणूस हिंदुस्थानात पाठवला होता, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो.

गिरनार दूर आहे म्हणून हळहळू नका. जनपथवरच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या प्रवेशाशी गिरनारच्या त्या खडकाची प्रतिकृती मांडलेली आहे. लोक तिला वळसा घालून आत मोहेंजोदडोची नर्तकी बघायला धावतात. तुम्ही दोन मिनिटं थांबा.

कोटल्याला जाल तर गुरुवारही चांगला. त्या दिवशी दुपारपासून माणसांची रीघ लागते. तळघरांच्या कोनाड्यांत मेणबत्त्या, उदबत्त्या, आणि भिंतींना चिकटवलेले, जाळ्यांत खोचलेले अर्ज. हे अर्ज जिन्नांना! मुलीचं लग्न, नवऱ्याची नोकरी, कोर्टातला खटला. काही जण तर एकाच अर्जाच्या झेरॉक्स काढून प्रत्येक कोनाड्यात एकेक ठेवतात, कुठला जिन्न दयाळू निघेल कुणी सांगावं! हसू नका. प्राचीन इजिप्तमध्ये लोक मेलेल्या नातेवाइकांना पत्रं लिहीत. बरेचदा मातीच्या वाडग्यावर, म्हणजे वाडग्यातला नैवेद्य खाता खाता मयताला पत्र वाचणं भागच. मजकूर काय? घरावर कुणी हक्क सांगतोय, पोर आजारी आहे, तुम्ही तिकडून काहीतरी करा. सामान्य माणसासाठी लिहिलेल्या चांगल्या पुस्तकात ही पत्रं असतातच. एखाद्या पुस्तकात फक्त राजे आणि सोनं असेल, वाडग्यावरची पत्रं नसतील, तर मी ते खाली ठेवतो.

दिल्लीहून नुबियात

दिल्लीचं इजिप्तशी आणखी एक नातं आहे आणि ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. अस्वानचं मोठं धरण बांधायला घेतल्यावर नुबियातली शेकडो प्राचीन स्थळं पाण्याखाली जाणार हे स्पष्ट झालं. १९६०मध्ये युनेस्कोनं जगाला हाक दिली. भारतानं १९६१-६२मध्ये पुरातत्त्व खात्याचं पथक पाठवलं, प्रमुख बी. बी. लाल. दिल्लीच्या पुराना किल्ल्यात आणि हस्तिनापुरात खणणारे तेच हे लाल, जे २०२२मध्ये वयाच्या १०१व्या वर्षी वारले. आफ्येह आणि तुमास या जागी आपल्या लोकांनी उत्खनन केलं, फॅरोंच्याही आधीच्या काळातली वस्ती उजेडात आणली. तिथली काळी-तांबडी भांडी पाहून लालांना दक्षिण भारतातल्या महापाषाणयुगीन भांड्यांची आठवण झाली होती. अबू सिम्बेल उचलून वर नेल्याची गोष्ट प्रत्येक इंग्रजी पुस्तकात असते. आफ्येहला राबलेल्या भारतीय पथकाला मात्र त्यात सहसा एक ओळही मिळत नाही.

आपल्याकडच्या आणखी एका वस्तूला मात्र जागा मिळते. रामसेस दुसरा इ.स.पूर्व १२१३मध्ये वारला. त्याच्या ममीच्या नाकपुड्यांत मिरीचे दाणे सापडले. मिरी म्हणजे मलबारची! ती तिथवर कुणाकुणाच्या हातून गेली असेल, याचा विचार करत बसावं. याउलट ममींना भारतीय मलमल गुंडाळत, ही आपल्याकडे हौसेनं सांगितली जाणारी गोष्ट. फॅरोंच्या काळातल्या ममींचं कापड जवसाच्या धाग्याचं, म्हणजे लिननचं असे.

ममी हवीच असेल तर

मुलांना हे सगळं दाखवलंत तरी त्यांचा एकच प्रश्न असतो, “ममी कुठाय?” भारतात कोलकाता, हैदराबाद, जयपूर, बडोदे, लखनौ इथल्या संग्रहालयांत इजिप्तची ममी आहे, दिल्लीच्या नाही. दिल्लीहून जवळची म्हणजे जयपूरच्या अल्बर्ट हॉलमधली तुतू. २०२०च्या ऑगस्टमध्ये जयपुरात असा पाऊस झाला की संग्रहालयाच्या तळघरात पाणी शिरलं. कर्मचाऱ्यांनी काचेची पेटी फोडून तिला वर आणलं. दोन हजारांहून जास्त वर्षं वाळवंटात कोरडी राहिलेली बाई राजस्थानात बुडता बुडता वाचली! बडोद्याची ममी सयाजीराव महाराजांनी आणवलेली. प्रजेनं जग बघावं म्हणून हा मराठी राजा संग्रहालयात काय काय आणून ठेवत होता, ते बघायला तरी बडोद्याला जावंच.

पिरॅमिड मात्र दिल्लीत आहे, चक्क भंगाराचा. निजामुद्दीनजवळ सराय काले खाँला महापालिकेनं २०१९मध्ये ‘वेस्ट टू वंडर’ नावाचं उद्यान उघडलं. ताजमहाल, आयफेल टॉवर आणि त्यांच्या रांगेत गिझाचा ग्रेट पिरॅमिड, जुन्या लोखंडी अँगलचे थरावर थर रचून केलेला. खरा पिरॅमिड मुळात १४६ मीटर उंच होता, हा तीन माणसं एकावर एक उभी राहिली तर संपेल. संध्याकाळी दिवे लागले की छान दिसतो. पोरं त्याच्यापुढं उभी राहून फोटो काढून घेतात, आणि पिशवीत मॅकॉलेचं पुस्तक असलं तर तिथल्या कठड्यावरच बसून थर मोजायला लागतात.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. रविवारी सकाळी लवकर निघा, दुपारपर्यंत चांगला माल उचललेला असतो. पहिली किंमत ऐकून घाबरू नका, नव्या पुस्तकाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात सौदा पटतो. मधली पानं शाबूत आहेत ना, रंगीत चित्रं कुणी कापून नेलेली नाहीत ना, हे पैसे देण्याआधी पाहा. कोटला बाजारापासून पायी जाण्याइतका जवळ. जनपथचं राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि ते नॉर्थ आणि साउथ ब्लॉकमध्ये हलवण्याची योजना जाहीर झालेली आहे, तेव्हा जाण्याआधी फोन करून घ्यावा. आणि आता कैरोहून ताजी बातमी: १ नोव्हेंबर २०२५ला गिझाच्या पिरॅमिडांजवळ ग्रँड इजिप्शियन म्युझियमचं रीतसर उद्घाटन झालं. तुतनखामेनच्या थडग्यातल्या पाच हजारांहून जास्त वस्तू तिथं पहिल्यांदाच एकत्र मांडल्या आहेत. त्यावरची नवी पुस्तकं रद्दीच्या गठ्ठ्यातून महिला हाटला यायला अजून काही वर्षं लागतील.